जादूचं ग्रीस पेटतं का? डी अँड डीच्या टेबलावर मित्रांमध्ये भांडणं लावणारा हा प्रश्न नेमका आहे काय?

शनिवारची रात्र. टेबलावर नकाशा, पेन्सिली, फासे आणि वेफर्सचं फुटलेलं पाकीट. पाच महिने रंगलेला खेळ ऐन मोक्यावर आलाय. सहा गॉब्लिन अरुंद बोळातून धावत येतायत आणि आपल्या टोळीतला योद्धा शेवटच्या घटका मोजतोय. जादूगाराची पाळी येते. तो म्हणतो, "मी ग्रीस टाकतो." बोळातली जमीन तुकतुकीत होते, चार गॉब्लिन धडाधड आपटतात. सगळे खूश.

मग दुसरा गडी म्हणतो, "आता मी त्या ग्रीसवर आग टाकतो. जळू देत सगळे!"

खेळ चालवणारा म्हणतो, "थांब. ग्रीस पेटतं असं कुठे लिहिलंय?"

"अरे, ग्रीस आहे ते! पेटणारच ना!"

"पुस्तकात नाहीये."

"पुस्तकात लिहिलंय की हा स्पेल टाकायला लोणी लागतं. लोणी जळत नाही होय?"

पुढचा अर्धा तास खेळ बंद आणि वकिली सुरू. ग्रीस पेटलं तर योद्धा वाचणार, नाही पेटलं तर पाच महिने जपलेलं पात्र मरणार. त्यामुळे प्रश्न गमतीचा वाटला तरी दोन्ही बाजू जिवावर उदार होऊन भांडतात.

हे आमचं काल्पनिक दृश्य आहे. पण डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी खेळणाऱ्या कुणालाही विचारा, असलं भांडण त्याने एकदा तरी पाहिलेलं असतं. कारण त्याच्या मुळाशी एक खराखुरा प्रश्न आहे. स्पेलच्या मजकुरातलं कुठलं वाक्य नियम आहे आणि कुठलं नुसतं वर्णन? हेच आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी थोडक्यात, हा खेळ काय आहे?

डी अँड डी पहिल्यांदा आलं १९७४ मध्ये, अमेरिकेत. बनवणारे दोघं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. खेळात एक जण 'डंजन मास्टर' होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि निकालही देतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. मी काय करतो हे बोलून सांगायचं आणि ते जमलं की नाही हे फासे टाकून ठरवायचं.

तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल तर हा खेळ तुम्हाला आधीच माहितीये. पहिल्याच भागात चार पोरं तळघरात बसून तो खेळत असतात. समोर डेमोगॉर्गन येतो, एक मित्र ओरडतो संरक्षणाचा स्पेल टाक, दुसरा ओरडतो फायरबॉल टाक. विल फायरबॉल टाकतो आणि फाशावर सात येतात.

आता यातली मजा बघा. फायरबॉल टाकणाऱ्याला नेम लागला की नाही यासाठी फासा टाकावाच लागत नाही. फासा टाकायचा असतो समोरच्याने, आगीतून थोडंफार वाचतो का ते बघायला. १९८३ सालच्या गोष्टीत तेव्हाचे नियम धरले तरी हेच आहे, आणि आजच्या नियमांतही हेच आहे. पण प्रसंग एवढा भारी जमलाय की कुणाला त्याचं काही वाटत नाही.

नियम आणि गोष्ट यांची ओढाताण या खेळात पहिल्यापासून आहे ती अशी.

नियम कुठला, वर्णन कुठलं?

इंग्रजीत याला दोन शब्द आहेत. पहिला 'रूल्स टेक्स्ट'. किती अंतरावर, कुणावर, किती डॅमेज, किती वेळ, हे सगळं त्यात येतं. दुसरा 'फ्लेवर टेक्स्ट'. म्हणजे चव आणणारा मजकूर. निळसर ठिणग्या उडतात, हाडांचा हात पुढे येतो, वगैरे.

काही खेळांत हे दोन्ही वेगळे ओळखणं एकदम सोपं असतं. १९९३ मध्ये आलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ घ्या. पत्त्यावर नियम सरळ अक्षरात आणि फ्लेवर टेक्स्ट खाली तिरक्या अक्षरात छापतात. तिरकी ओळ झाकली तरी पत्ता तेवढंच काम करतो. भांडणाला जागाच नाही.

डी अँड डीनेही हे करून पाहिलं. २००८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक शक्तीला एक तिरकी ओळ वर्णनाची होती आणि खाली नियम मुद्द्यांत मांडलेले होते. लक्ष्य कोण, हल्ला कसा, लागला तर काय. वाचायला स्वच्छ. पण बऱ्याच खेळाडूंनी नाकं मुरडली. त्यांचं म्हणणं, हे जादूच्या पोथीसारखं वाटतच नाही, व्हिडिओ गेमची बटणं वाटतात.

मग २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि स्पेल पुन्हा साध्या, सलग परिच्छेदांत लिहिले गेले. वाचायला रसाळ झाले. पण वर्णन आणि नियम एकाच वाक्यात मिसळले. आज जगभरात जी भांडणं चालतात, त्यातली बरीचशी इथून निघाली आहेत.

नाव बघून फसू नका

सगळ्यात सोपं उदाहरण 'चिल टच'. नावाचा अर्थ गारठवणारा स्पर्श. २०१४ च्या पुस्तकात हा स्पेल १२० फुटांवरून टाकता यायचा, म्हणजे स्पर्श नाही. डॅमेज व्हायचं ते 'नेक्रॉटिक' प्रकारचं, म्हणजे मरणशक्तीचं, म्हणजे थंडीही नाही. नावात दोन शब्द आणि दोन्ही खोटे!

नवे खेळाडू यात हमखास फसायचे. थंडीचा परिणाम होत नाही अशा राक्षसावर हा स्पेल चालत नाही असं समजायचे, पण तो चालायचा. शेवटी २०२४ च्या सुधारित पुस्तकात बनवणाऱ्यांनीच तो खरोखर स्पर्शाचा करून टाकला. थंडी मात्र अजून नाहीये.

यातून पहिला धडा मिळतो. स्पेलचं नाव म्हणजे नियम नव्हे.

कालचा नियम, आजचं वर्णन

आता जरा अवघड भाग. तीच ओळ एका आवृत्तीत नियम असते आणि पुढच्या आवृत्तीत नुसतं वर्णन होते.

फायरबॉलच घ्या. पहिल्यापासून त्याचं रूप ठरलेलं आहे. जादूगार बोट दाखवतो, बोटातून आगीची रेघ किंवा मणी सुटतो आणि ठरलेल्या जागी स्फोट होतो.

१९७८ च्या नियमांत हा मणी खरोखर उडत जायचा. वाटेत भिंतीला किंवा कशाला धडकला तर तिथेच फुटायचा. तिसऱ्या आवृत्तीत तर भिंतीतल्या बारीक फटीतून तो पलीकडे पाठवायचा असेल तर नेम लागला का याचा वेगळा फासा टाकावा लागायचा. म्हणजे मणी उडतो, हे वर्णन नव्हतं, नियम होता. पाचव्या आवृत्तीत बोटातून निघणारी रेघ तशीच राहिली, पण फटीतून नेम धरायचा फासा गेला.

स्फोटाचंही तेच. १९७८ च्या नियमांत फायरबॉलला ठरावीक घनफळ होतं, साधारण ३३,००० घनफूट. २० फूट त्रिज्येचा गोळा धरला की हाच आकडा येतो. पण मोकळी जागा नसेल तर आग मिळेल त्या वाटेने पसरायची. आता गणित करा. १० फूट रुंद आणि १० फूट उंच बोगद्यात ३३,००० घनफूट आग म्हणजे ३३० फूट लांब आगीची नळी. दोन्ही बाजूंना १६५ फूट! राक्षसाला भाजायला गेलेले जादूगार स्वतःच्या मित्रांसकट भाजून निघायचे.

एवढंच नाही, त्या काळी फायरबॉलने सोनं, चांदी, तांबंही वितळायचं. म्हणजे ड्रॅगन मारलात पण खजिन्याचा लगदा केलात.

पाचव्या आवृत्तीत यातलं काही नाही. २० फूट त्रिज्या, सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी २८ डॅमेज, फाशाने वाचलात तर निम्मं. कुणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या नसतील अशा ज्वलनशील वस्तू पेटतात. संपलं. बोगद्यात आग लांबत नाही आणि सोनंही वितळत नाही.

म्हणून जुना खेळाडू आणि नवा खेळाडू एकाच टेबलावर बसले की वाद होतो. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांच्या डोक्यात वेगवेगळी पुस्तकं असतात.

मग ग्रीसचं काय?

आता येऊ मूळ मुद्द्यावर. २०१४ च्या पुस्तकात ग्रीस हा पहिल्या लेव्हलचा स्पेल. १० फूट बाय १० फूट जमीन बुळबुळीत होते, तिथून चालणं अवघड होतं, आणि त्यावर असलेल्याने फासा टाकून तोल सांभाळायचा, नाही सांभाळला तर आपटायचं. आगीबद्दल एक अक्षर नाही. साहित्यात मात्र डुकराच्या कातडीचा तुकडा किंवा लोणी लागतं असं दिलंय. खेळाडूचा सगळा दावा त्या लोण्यावर उभा.

डीएमच्या बाजूने सगळ्यात मजबूत पुरावा शेजारच्या स्पेलमध्ये आहे. 'वेब' हा दुसऱ्या लेव्हलचा, कोळ्याच्या जाळ्याचा स्पेल. त्यात स्पष्ट लिहिलंय की जाळं ज्वलनशील आहे. आग लागली तर पाच फुटांचा एकेक ठोकळा एका फेरीत जळून जातो आणि त्यात सापडलेल्याला चार बाजूंच्या दोन फाशांएवढं डॅमेज होतं, सरासरी पाच.

म्हणजे लिहिणाऱ्यांना जेव्हा एखादी गोष्ट पेटवायची होती तेव्हा त्यांनी ती कशी पेटते, किती वेळ जळते, किती भाजते, सगळं लिहिलं. ग्रीसमध्ये काहीच लिहिलं नाही. पेटलंच तर किती डॅमेज द्यायचं हेही पुस्तकात सापडत नाही. यावरून काय ते समजायचं.

पण थांबा, लोण्याचं काय? लोणी जळतं की नाही?

आपल्या देवघरातलंच बघा. निरांजनात तूप असतं, पण जळायला वात लागते. वात नसेल तर नुसतं तूप काडीने सहज पेटत नाही. दुसरीकडे कढईतलं तेल फार तापलं तर भडका उडतो हेही स्वयंपाकघरात सगळ्यांना माहितीये. म्हणजे खऱ्या जगाचा दाखला दिला तरी उत्तर 'हो' पण येतं आणि 'नाही' पण. पदार्थविज्ञान या भांडणात पंच होऊ शकत नाही.

शेवटी २०२४ च्या पुस्तकात वाद मिटवला गेला. ग्रीस ज्वलनशील नाही, असं स्पेलमध्येच घालून टाकलं. एका शब्दाने दहा वर्षांचं भांडण संपलं.

संपलं का खरंच? नाही. कारण मध्येच २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम आला. तो पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे आणि अनेकांची डी अँड डीशी पहिली ओळख त्यानेच झाली. त्या गेममध्ये ग्रीसवर आग टाकली की ते धडाडून पेटतं! तो गेम खेळून टेबलावर आलेला नवा गडी ग्रीस पेटवायला बघतो तेव्हा तो चीटिंग करत नसतो. त्याने ते पन्नास वेळा करून पाहिलेलं असतं.

अक्षर धरून बसलं की काय होतं?

एवढं वाचून वाटेल, सोपं आहे, लिहिलंय तेवढंच धरायचं. पण त्याचाही अतिरेक होतो.

२०१४ च्या पुस्तकात अदृश्य होण्याच्या नियमाला दोन भाग होते. एक, तुम्ही जादूशिवाय दिसत नाही. दोन, तुमच्यावर हल्ला करणाऱ्याला तोटा आणि तुम्ही हल्ला केलात तर तुम्हाला फायदा. आता समजा समोरच्याने 'सी इनव्हिजिबिलिटी', म्हणजे अदृश्य गोष्टी दिसायचा स्पेल टाकला. त्याला तुम्ही लख्ख दिसताय. तरीही त्याला तोटा का?

अक्षरशः वाचलं तर हो! कारण दुसऱ्या भागात 'दिसत नसाल तरच' अशी अटच नव्हती. बनवणाऱ्यांच्या बाजूनेही असाच अर्थ सांगितला गेला, आणि लोकांनी डोक्याला हात लावला. बहुतेक डीएमनी तो गुपचूप बाजूला ठेवला. २०२४ मध्ये अट घातली गेली की ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही.

तेव्हा लिहिलंय ते पवित्र मानायचं ठरवलं तरी लिहिणारी माणसंच असतात, आणि माणसांकडून वाक्य अर्धवट राहतं.

मग बनवणारे काय म्हणतात?

पाचव्या आवृत्तीचे नियम तेव्हा सांभाळणारे जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये नियम वाचायच्या तीन पद्धती मांडल्या होत्या. एक, जे लिहिलंय ते. दोन, लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते. तीन, ज्यात टेबलावरच्या लोकांना मजा येते ते. शेवटचा शब्द डीएमचा, ही खेळाची जुनी रीत. पुस्तकं डीएमला मदत करायला असतात.

वर्णनाबद्दलही एक चांगली सोय २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात दिलीये. तुमच्या स्पेलचं रूप तुम्ही हवं तसं बदला. तुमच्या जादूगाराची आग हिरवी असू दे, तिला कावळ्यांचा आवाज येऊ दे. फक्त दोन अटी. त्याने स्पेलचा परिणाम बदलता कामा नये, आणि एक स्पेल दुसऱ्यासारखा दिसून समोरच्याला फसवता कामा नये. रंग तुमचा, आकडे पुस्तकाचे.

आणि हो, सगळेच खेळ असे नसतात. २०१० मध्ये आलेला 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' आणि त्याच्या वाटेने गेलेले खेळ गोष्टीला आधी ठेवतात. तिथे पात्र काय करतंय हे आधी सांगायचं, त्यावरून कुठला नियम लागू होतो ते ठरतं. अशा टेबलावर 'ग्रीस आहे, आग आहे, काय होईल?' हा प्रश्न वकिली ठरत नाही, तोच खेळ असतो.

टेबलावर वाद झाला तर काय करायचं?

पाच प्रश्न विचारा, बहुतेक वाद दोन मिनिटांत सुटतो.

एक, या ओळीत काही मोजता येतं का? अंतर, फासे, वेळ, वाचायची संधी असेल तर तो नियम. नुसतं कसं दिसतं, कसं वाटतं असेल तर बहुधा वर्णन.

दोन, स्पेल कुणावर टाकता येतो? प्राण्यावर की वस्तूवरही? २०१४ चा 'एल्ड्रिच ब्लास्ट' फक्त प्राण्यावर टाकता यायचा. मग हुशार पोरं तो प्रत्येक पेटीवर टाकून बघायची. लागला तर ती पेटी नाही, पेटीचं सोंग घेतलेला राक्षस! २०२४ मध्ये त्यात वस्तूही आल्या आणि ही पळवाट बंद झाली.

तीन, शेजारच्या स्पेलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय का? ग्रीस आणि वेबचं उदाहरण लक्षात ठेवा.

चार, आज हो म्हटलं तर उद्या काय? पहिल्या लेव्हलचा स्पेल पाडतोही आणि जाळतोही, असं झालं तर वरच्या लेव्हलचे स्पेल कोण घेईल? आणि जे तुम्हाला मिळालं ते गॉब्लिनच्या जादूगारालाही मिळणार. हा प्रश्न विचारला की निम्मे खेळाडू स्वतःच माघार घेतात.

पाच, एवढं करूनही ठरत नसेल तर डीएमने लगेच निकाल द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि सत्र संपल्यावर पुस्तक उघडावं. गल्लीत 'एक टप्पा आउट' आहे की नाही हे आपण मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवायचो, बॉल हवेत असताना नाही. इथेही तसंच. घरचे नियम जरूर करा, पण आधी सांगा आणि सगळ्यांना सारखे लावा.

पुस्तक विकत घ्यायलाच हवं असंही नाही. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला आहे. ग्रीस, वेब, फायरबॉल तिथे शब्दशः वाचता येतात.

आणि तो मरणारा योद्धा?

पुस्तकाप्रमाणे ग्रीस पेटत नाही, हे खरं. पण चांगला डीएम तिथे थांबत नाही. तो म्हणतो, "ग्रीस नाही पेटणार. पण बोळात अजून काय काय आहे, विचार." मग कुणाला तरी भिंतीवरचे पडदे आठवतात, कोपऱ्यातलं गवत आठवतं. आगीच्या स्पेलमध्ये लिहिलेलंच आहे की कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेली ज्वलनशील वस्तू पेटते. गवत पेटतं, धूर होतो, चार गॉब्लिन अजून ग्रीसमध्ये घसरतायत, आणि तेवढ्यात दोघं जण योद्ध्याला ओढून बाहेर काढतात.

नियमही मोडला नाही आणि पाच महिन्यांची गोष्टही वाचली. पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा त्याच टेबलावर.